बिऱ्हाड हलवताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचू उठला की त्याचे घरही उठले. त्याला काही बांधायचे नाही, काही सोडायचे नाही.

बायकापोरांच्या माणसाचे तसे नसते. त्याला भांडीकुंडी असतात. अंथरूण-पांघरूण असते. धान्य असते. पोरांची शाळा असते. म्हातारीचे औषध असते. आणि पेटीच्या तळाशी कागद असतात. यातले एक जरी मागे राहिले, तरी नव्या गावी अडचण होते.

म्हणून बिऱ्हाड कसे हलवावे, ते आज पाहू.

फुलचूरचे एक घर

फुलचूर हे गाव गोंदिया शहराला लागून आहे. गोंदियाचा भाग धानाचा. इथे पुष्कळ राईस मिल आहेत. कामासाठी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे इकडे येऊन राहतात. आणि इकडची काही माणसे कामासाठी नागपूरला जातात. कोणी येतो, कोणी जातो. बिऱ्हाडे हलतच असतात.

समजा, फुलचूरचे एक घर आहे. घरात पाच माणसे. बाप राईस मिलमध्ये कामाला होता. त्याला नागपूरला काम लागले आहे. आई घर सांभाळते, रोवणीच्या दिवसांत मजुरीला जाते. ती गेल्या वर्षी लिहायला-वाचायला शिकली. मुलगी सहावी पास झाली. मुलगा दीड वर्षाचा आहे. आणि घरात आजी आहे.

बाप म्हणाला, "त्याच्यात काय आहे गा? सकाळी टेम्पो बोलावू, दुपारपर्यंत सामान भरू, संध्याकाळी नागपूर."

आई म्हणाली, "आयकता का? एवढी घाई काहून? आठ दिवस आहेत आपल्याजवळ. मी एक वही घेते. काय काय न्यायचं ते लिहून काढते."

बाप हसला. "सामान काय वहीत भरून नेशील?"

आई काही बोलली नाही. तिने मुलीची जुनी वही घेतली आणि कोऱ्या पानावर पहिला आकडा काढला.

आधी तीन ढीग

बांधाबांध करण्याआधी घरातल्या वस्तूंचे तीन ढीग करावेत. एक न्यायचा. एक द्यायचा किंवा विकायचा. एक टाकून द्यायचा.

घर सोडताना प्रत्येक वस्तू कामाची वाटते. फुटका डबा, तुटकी छत्री, विझलेली बॅटरी, सगळेच हाती धरावेसे वाटते. पण गाडीचे भाडे जड होते. नव्या गावची खोली लहान असते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू गेल्या वर्षभरात एकदा तरी वापरली का? नसेल वापरली, तर ती दुसऱ्या ढिगात किंवा तिसऱ्या ढिगात घालावी.

घरात मात्र एकाच माणसाने हे ठरवू नये. सगळ्यांना विचारावे. म्हाताऱ्या माणसांना तर आधी विचारावे.

आजी जात्याजवळ बसून राहिली. म्हणाली, "हे जातं माझ्या लग्नातलं आहे. हे मी टाकू देणार नाही."

बाप म्हणाला, "आई, तिथं पिठाची चक्की आहे. एवढा दगड कायले न्यायचा?"

आई मध्ये पडली. ती म्हणाली, "टाकायचं नाही न् विकायचंही नाही. घर आपलंच आहे. घराला कुलूप राहील न् जातं घरात राहील. दिवाळीले आलो की तुम्ही दळा."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खुंटा तेवढा मी सोबत नेतो."

खुंट्याला किती जागा लागते? आईने वहीत लिहिले : जात्याचा खुंटा, आजीच्या पिशवीत.

अशा एकदोन वस्तूंसाठी जागा ठेवावी. माणूस नव्या गावी जातो, तेव्हा त्याला ओळखीचे काहीतरी जवळ लागते.

कागदांची पिशवी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती सर्वांत हलकी आहे. ती म्हणजे कागद.

भांडे हरवले तर दुसरे घेता येते. कागद हरवला तर महिना महिना खेटे घालावे लागतात. मजुरी बुडते ती वेगळीच.

घरातले सगळे कागद एका ठिकाणी आणावेत. कोणता कागद देवाच्या फोटोमागे असतो. कोणता छपरातल्या वाशाला खोचलेला असतो. कोणता डाळीच्या डब्यात असतो. ते सगळे काढावेत आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. ती पिशवी कापडी थैलीत घालावी.

तिच्यात काय काय असावे?

आधार कार्ड, घरातल्या प्रत्येकाचे.
रेशन कार्ड.
मतदार ओळखपत्र.
बँकेचे पासबुक.
मुलांचे जन्माचे दाखले.
जातीचा दाखला, असेल तर.
शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका.
लसीकरणाचे कार्ड.
दवाखान्याचे कागद.
शेती असेल तर सातबारा.
घराचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती.
विजेच्या बिलाची शेवटची पावती.

ही थैली कधीही टेम्पोत ठेवू नये. ती माणसाच्या खांद्याला असावी. झोपताना उशाला असावी. जमल्यास प्रत्येक कागदाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.

एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. म्हणून जुन्या कागदांवर 'जिल्हा भंडारा' असे लिहिलेले असते. ते पाहून घाबरू नये. तो कागद खोटा नाही. त्यावर स्वतःच्या हाताने खाडाखोड मुळीच करू नये. खाडाखोड केली तर खरा कागदही खोटा ठरतो.

कागदाची किंमत किती असते, ते शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पाहावे. पवनीजवळ वैनगंगा नदीवर गोसीखुर्द धरण बांधले. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची कोनशिला बसवली. धरणाच्या पाण्यासाठी अनेक गावांना जागा सोडावी लागली. एकेक बिऱ्हाड नव्हे, गावेच्या गावे हलली. अशा वेळी घर कोणाचे, शेत किती, घरात माणसे किती, हे तोंडी सांगून भागत नाही. ते कागदावरून ठरते. धरण असो की नोकरी असो, घर हलले की कागद आधी सांभाळावा.

मुलीची शाळा

आईने वहीत लिहिले : पोरीचा दाखला.

बाप म्हणाला, "तो मागून आणू. आता सुट्ट्या आहेत."

इथेच पुष्कळ घरे चुकतात. मागून आणू म्हणतात. मागून येणे होत नाही. मूल घरी बसते. आधी एक महिना, मग दोन महिने, मग वर्ष. मुलगी असेल तर ती धाकट्याला सांभाळत बसते. मग तिची शाळा सुटते, ती सुटतेच.

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून शक्य असेल तर बिऱ्हाड उन्हाळ्याच्या सुट्टीत हलवावे. शाळेच्या गुरुजींना आधी भेटावे. दाखल्यासाठी अर्ज द्यावा. अर्ज चार ओळींचा असतो. तो आता आपला आपण लिहावा.

याबाबत कायदा आहे. त्याचे नाव शिक्षण हक्क कायदा. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी तो आहे. मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. आणि समजा, दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. मूल आधी शाळेत बसवायचे. कागद मागून आला तरी चालतो.

हे माहीत असले म्हणजे आई शाळेच्या दारातून परत येत नाही.

दवाखाना आणि औषध

मुलगा दीड वर्षाचा आहे. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाच्या लसीची दुसरी मात्रा द्यायची असते. म्हणून निघण्याआधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना कार्ड दाखवावे. लस झाली नसेल तर इथेच टोचून घ्यावी. राहिली असेल तर कार्ड नागपूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. लस तिथेही फुकटच मिळते. कार्ड नसेल तर कोणती लस झाली आणि कोणती राहिली, हे तिथल्या नर्सबाईंना कसे कळणार?

घरात कोणाला क्षयरोगाचे, म्हणजे टीबीचे, औषध चालू असेल, तर जास्तच जपावे. साध्या टीबीचे औषध सहसा सहा महिने चालते. दोन महिन्यांत माणसाला बरे वाटू लागते. त्याच सुमाराला बिऱ्हाड हलते आणि औषध सुटते. मग आजार पुन्हा उठतो आणि साध्या औषधाला दबत नाही. म्हणून गाव सोडण्याआधी दवाखान्यात सांगावे. नव्या ठिकाणचा पत्ता द्यावा. तिथल्या दवाखान्यासाठी कागद घ्यावा. मधल्या दिवसांच्या गोळ्या सोबत घ्याव्या.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. ज्याला सिकलसेल आहे, त्याचे कार्ड थैलीत सर्वांत वर ठेवावे. ओझे उचलण्याचे काम त्याला देऊ नये. उन्हात उभे ठेवू नये. वाटेत त्याला वारंवार पाणी प्यायला द्यावे. पाणी कमी पडले की त्याचे अंग दुखू लागते.

रेशनचे काय?

आजीला एकच काळजी होती. "रेशन इथलं आहे. तिथं आपल्याले कोण देईल तांदूळ?"

ही काळजी पूर्वी खरी होती. कार्ड ज्या दुकानाचे, त्याच दुकानात धान्य मिळे. आता तसे नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' ही योजना आता सगळ्या राज्यांत लागू आहे. आधारला जोडलेले कार्ड असले, तर कोणत्याही गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाटणीचे धान्य घेता येते. घरातली काही माणसे गावी राहिली, तर थोडे धान्य तिकडे आणि थोडे इकडे, असेही घेता येते.

वाटणी किती, तेही माहीत असावे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर दर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो मिळते. दुकानदार नाही म्हणाला, तर १९६७ या नंबरवर फोन करून तक्रार करता येते.

म्हणून निघण्याआधी एकच काम करावे. आपल्या दुकानात जाऊन विचारावे, घरातल्या सगळ्यांचे आधार कार्डाला जोडले आहे का? नसेल तर जोडून घ्यावे.

आजीला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. ते बँकेच्या खात्यात जमा होतात. म्हणून फुलचूर सोडले तरी खाते बंद करू नये. आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही बदलू नये. नंबर बंद पडला की बँकेचे निरोप आपल्याला येत नाहीत.

बांधावे कसे?

आता बांधाबांध. तिला पैसा फार लागत नाही. पोती, सुतळी, दाभण, जुनी लुगडी, जुनी वर्तमानपत्रे आणि तणस एवढे पुरते.

तणस आपल्याकडे हवी तेवढी मिळते. काचेचे आणि मातीचे सामान तणशीत ठेवले तर फुटत नाही. डब्याच्या तळाशी तणशीचा जाड थर द्यावा. प्रत्येक कप, प्रत्येक बरणी कागदात गुंडाळावी. दोन वस्तूंच्या मध्ये पुन्हा तणस घालावी. डबा हलवून पाहावा. आत खडखड वाजले तर अजून तणस भरावी. तणस मात्र कोरडी असावी. ओली असली तर वाटेत कुबट वास सुटतो.

भांडी एकात एक बसवावीत. मोठा गंज, त्यात लहान गंज, त्यात डेचकी, तिच्यात वाट्या. मध्ये मध्ये कपडे घालावेत. म्हणजे भांड्यांना पोचे येत नाहीत आणि कपड्यांसाठी वेगळे पोते लागत नाही.

जड वस्तू लहान गाठोड्यात बांधावी. हलकी वस्तू मोठ्या गाठोड्यात बांधावी. मोठ्या पोत्यात सगळी जड भांडी भरली, तर पोते फाटते आणि उचलणाऱ्याची कंबर मोडते. एका माणसाला उचलता येईल, एवढेच एका पोत्यात भरावे.

आता वहीचे काम. प्रत्येक गाठोड्याला आकडा द्यावा. पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावा. त्यावर मोठा आकडा काढावा आणि सुतळीने गाठोड्याला बांधावा. तोच आकडा वहीत लिहावा आणि पुढे आत काय आहे ते लिहावे.

आईच्या वहीतले पान असे होते :

१. मोठी भांडी, पोते
२. ताटे, वाट्या, पेले, पोते
३. कप-बरण्या, तणशीचा डबा, सांभाळून
४. तांदूळ, पोते
५. तांदूळ, पोते
६. डाळ, तिखट, मीठ, तेल, पेटी
७. गाद्या
८. चादरी आणि वाकळा
९. बाज
१०. पंखा
११. पोरीची पुस्तके, लहान पोते
१२. कपडे, पेटी
१३. कपडे, बोचके
१४. सूप, झाडू, बादली, दोर
१५. आजीची पिशवी
१६. आजच लागणारे

अक्षर वेडेवाकडे होते. एकदोन ठिकाणी काना राहिला होता. पण सगळे वाचता येत होते. वही एवढ्यासाठीच असते.

शेवटी बांधायचे, आधी सोडायचे

यादीतला शेवटचा आकडा पाहा : आजच लागणारे. हे गाठोडे सर्वांत शेवटी बांधायचे आणि नव्या घरी सर्वांत आधी सोडायचे.

नव्या घरी आपण संध्याकाळी पोचतो. पोरे भुकेली असतात. दिवा लागत नाही. माचिस सापडत नाही. सोळा गाठोडी पुढ्यात असतात आणि चमचा कशात आहे, ते कोणालाच ठाऊक नसते. तसे होऊ नये म्हणून हे गाठोडे.

त्यात माचिस, मेणबत्ती, टॉर्च, एक गंज, तीन-चार ताटे, चाकू, चहा-साखर, दोन दिवसांचा शिधा, साबण, लहान मुलाची दुपटी, एकेक जोडी कपडे, कुलूप आणि थोडी सुतळी ठेवावी. वाटेतल्या जेवणाची भाकर आणि पाण्याच्या बाटल्या मात्र हातात असाव्यात.

इथे जीव जपावा

बिऱ्हाड हलवताना काही गोष्टींत जिवाला धोका असतो. त्या नीट वाचा.

पहिली गोष्ट. धान्याला कीड लागू नये म्हणून काही घरांत विषारी गोळ्या टाकतात. त्या गोळीतून विषारी वायू निघतो. बंद खोलीत किंवा बंद गाडीत तो माणसाचा जीव घेतो. गोळी टाकलेले धान्य बांधून नेऊ नये, आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये. न्यायचे धान्य कडक उन्हात वाळवावे, निवडावे, त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि मग पोते शिवावे.

दुसरी गोष्ट. शेतातल्या फवारणीचे औषध कधीही धान्यासोबत किंवा भांड्यांसोबत ठेवू नये. त्याच्या रिकाम्या डब्यात तेल, पाणी भरू नये. धुतला तरी तो डबा खाण्यापिण्याच्या कामाचा नाही.

तिसरी गोष्ट. गॅसचा सिलेंडर. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दुसऱ्या शहरात जाताना सिलेंडर आणि रेग्युलेटर आपल्या एजन्सीत परत द्यावा. कनेक्शन बंद केल्याचा कागद घ्यावा. अनामत रक्कम भरली असेल तर ती परत मिळते. तो कागद दाखवून नागपूरला कनेक्शन घेता येते. रेल्वेत सिलेंडर, रॉकेल, पेट्रोल, फटाके नेण्यास बंदी आहे. एका डब्यात शेकडो माणसे असतात, हे विसरू नये.

चौथी गोष्ट. कोपऱ्यातले जुने पोते, लाकडाचा ढीग, कौले, विटा एकदम हाताने उचलू नयेत. खाली विंचू किंवा साप असू शकतो. आधी काठीने हलवावे. पायात जोडा असावा. हे काम दिवसा करावे. साप चावला तर त्या जागी कापू नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवावे, चावलेला भाग हलू देऊ नये. १०८ नंबरवर फोन करून गाडी बोलवावी आणि सरकारी दवाखान्यात न्यावे.

गाडी भरताना

गाडी ठरवताना भाडे आधी बोलून घ्यावे. सामान कोण चढवणार, कोण उतरवणार, वाटेतला टोल कोण देणार, हेही बोलावे. ते वहीत लिहून ठेवावे. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन नंबर लिहावा. मग मागून भांडण होत नाही.

जड सामान खाली आणि चालकाच्या बाजूला ठेवावे. त्यावर हलके सामान ठेवावे. फुटणारा डबा गाद्यांच्या मध्ये बसवावा. दोराने आवळून बांधावे. पावसाळा असो, नसो, ताडपत्री घालावीच. जून महिन्यात आभाळ केव्हा फुटेल याचा नेम नाही.

सामानावर माणूस बसवू नये. भाड्याचे दोन पैसे वाचतात, पण एका धक्क्यात माणूस खाली पडतो. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. बायका-पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी रेल्वेने जावे. साध्या डब्यात माणशी ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येते. त्याहून जास्त असेल तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आधी बुक करावे.

आपल्या घरातल्या माणसांनी तसेच केले. बाप टेम्पोत चालकाजवळ बसला. आई, आजी आणि पोरे रेल्वेने निघाली. कागदांची थैली आईच्या खांद्याला होती. निघताना विजेचे मुख्य बटण बंद केले. घराची एक चावी शेजारच्या काकूंकडे दिली. आजीने उंबऱ्याला हात लावला आणि मग ती मागे न पाहता चालू लागली.

मोजून घ्यावे

संध्याकाळी सगळे नागपूरच्या खोलीवर पोचले. टेम्पो उभा होता. चालकाला परत जायची घाई होती. हमालांनी भराभर सामान उतरवले. बापाने पैसे काढले.

आई म्हणाली, "थांबा. मोजून घेऊ."

ती वही घेऊन दारात बसली. बाप एकेका गाठोड्याचा आकडा सांगू लागला. मुलगी वहीत खूण करू लागली. एक, दोन, तीन... दहा झाले. बारा झाले. सोळा झाले.

मुलगी म्हणाली, "माय, अकरा नाही!"

अकरा म्हणजे तिचीच पुस्तके. बाप पुन्हा टेम्पोत चढला. ताडपत्रीची घडी कोपऱ्यात पडली होती. तिच्याखाली लहानसे पोते दबले होते. वर पुठ्ठा होता आणि त्यावर आकडा होता ११.

बापाने ते पोते स्वतः उचलून घरात आणले. चालकाला पैसे दिले. मग तो आईला म्हणाला, "ते वही टाकू नको. पुढंही कामी येईल."

वही नसती तर काय झाले असते? टेम्पो निघून गेला असता. चार दिवसांनी पुस्तके आठवली असती. तेव्हा ती घरी राहिली, की वाटेत पडली, की टेम्पोत गेली, हे कोणालाही सांगता आले नसते.

नव्या गावी पहिला महिना

सामान लागले म्हणजे बिऱ्हाड हलवून झाले असे नाही. पहिल्या महिन्यात ही कामे करावीत.

पहिल्या आठवड्यात मुलीला शाळेत घालावे. जवळचा सरकारी दवाखाना आणि रेशनचे दुकान पाहून ठेवावे. घरमालकाकडून भाड्याचा करार लिहून घ्यावा. सही करण्याआधी तो स्वतः वाचावा. भाडे किती, अनामत किती, वीज-पाण्याचे पैसे कोणी द्यायचे, हे त्यात आहे का ते पाहावे. समजले नाही तर विचारावे. न वाचता अंगठा देऊ नये, आणि न वाचता सहीही करू नये.

कायमचे राहायचे असेल तर आधार कार्डावरचा पत्ता बदलावा. मतदार यादीतले नाव नव्या पत्त्यावर आणण्यासाठी नमुना ८ भरावा. त्याची माहिती १९५० या नंबरवर मिळते. नाव दोन ठिकाणी ठेवू नये, तो गुन्हा आहे. आणि नाव कुठेच नाही, असेही होऊ देऊ नये. मत गेले म्हणजे आपले म्हणणे सांगण्याची जागा गेली.

गावाशी नाते मात्र तोडू नये. घरपट्टी वेळेवर भरावी आणि पावती थैलीत ठेवावी. शेजाऱ्यांना नवा पत्ता आणि फोन नंबर कळवावा. एक पोस्टकार्ड लिहिले तरी चालेल.

विंचवाला त्याचे बिऱ्हाड मोजावे लागत नाही. आपल्याला मोजावे लागते, कारण आपल्या बिऱ्हाडात माणसे आहेत. पोरीची शाळा, बाळाची लस, आजीचा तांदूळ, हे सगळे सामानाबरोबर हलले पाहिजे. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि चार दिवसांची सवड पुरे.

लिहिता येते ना? मग वही काढा. पहिला आकडा लिहा.